पहिलं चित्र, चष्म्यासह

प्रिय मौनीबुवा,

आपला कॅमेरा विकला गेला! अग्निशमन दलानं चाळीस नग मागवलेत. धुरात अडकलेला माणूस आता नुसत्या अंगच्या उष्णतेवरून दिसेल. बातमी कळताच मी टेबलावर चढून भाषण ठोकलं. तू असतास तर म्हणाला असतास, अरे, हा भोंगा कुणीतरी उतरवा.

आपल्या कामात पैसे घालायला आलेला तो शेठ आठवतो? कॅमेऱ्याच्या चकतीवर अणूंचे थर एकावर एक चढवून तू त्यांत इलेक्ट्रॉन अडकवणाऱ्या विहिरी केल्या होत्यास. उष्णतेचा किरण आला की आतला इलेक्ट्रॉन उडी मारून बाहेर. पण शंभरातले मोजकेच किरण सापडतात, हे ऐकून तो हसला. म्हणाला, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी उसळलेच. आमच्या चकतीवरचे लाखभर ठिपके एकसारखे वागतात, चित्र त्यानं उमटतं, एकट्यादुकट्या हुशारानं नाही, असं त्याला ठणकावलं. तू कोपऱ्यात शांतपणे चष्मा पुसत होतास.

लग्नाचा विषय काढला की म्हणायचास, तुझ्याशी संसार म्हणजे रोज सभेला बसणं. आणि एक दिवस, थर जमले, माझं काम संपलं, बाजार तू बघ, म्हणून दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत निघून गेलास. मी सगळ्यांदेखत तुला पळपुटा म्हटलं. तो शब्द आजही मागे घेत नाही. पण तुझ्यानंतर माझ्या बोलण्यावर तोंडावर जांभई देणारं कुणी उरलं नाही रे. सगळे टाळ्या वाजवतात. सोबतीला शीतयंत्राची घरघर. चकती गोठवल्याशिवाय तिला दुसऱ्याची ऊब कळत नाही, हे तुला मी काय सांगू?

माहितीपत्रकावर छापायला विक्रीवाल्यांना एक चित्र हवं होतं. मी भांडून आपलं पहिलंच चित्र पुढे केलं. तुझा चेहरा. कपाळ उजळ, नाक गार म्हणून काळसर, आणि घाईत तू चष्मा काढायला विसरलेला. काचेतून अंगची उष्णता पार होत नाही, त्यामुळे डोळ्यांच्या जागी दोन काळे गोल. खलनायक, खलनायक म्हणून किती हसलो होतो! आता वकील म्हणतो, तुझी लेखी परवानगी लागेल. ती पोस्टानं पाठवू नकोस, घेऊन ये. इतकी वर्षं ते चित्र माझ्या टेबलासमोर आहे आणि त्यात तुझे डोळेच नाहीत. दुसरं काढू. या वेळी चष्मा काढून बस. मी गप्प राहीन.

तुझीच,
भोंगा