पिऊचे एकवीस व्हिडिओ

१ ऑक्टो. बुध. खंडेनवमी
खुरपी, विळा, कोयता धुऊन पुजायला मांडले. ह्यांचा कॉम्प्युटर बी. उघडला तर आत बोटभर धूळ. सासूबाई म्हनल्या, "घाणीवर कुंकू लावती व्हय गं?" मग वायरी काढल्या, पुसून परत लावल्या. घड्याळातल्यासारखा गोल सेल होता, तो बी काढून पुसला. पूजा झाली. दसरा होईस्तवर हात लावायचा न्हाई.

३ ऑक्टो.
चालू केला. निळा पडदा, इंग्रजी. परत परत तेच.
लेकीच्या, पिऊच्या आकडीचे एकवीस व्हिडिओ त्यातच हायत. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी १४ ला सगळे आणायला सांगितलंय, बघून औषध बदलायचं का ते ठरवणार. फोन भरला म्हणून फोनातले मीच पुसले. मीच.
ह्यांना सांगितलं न्हाई. कंपनीनं गुजरातला पाठवलंय. तिकडं उगाच घोर.

६ ऑक्टो. सोम.
राहू गावावरनं यष्टीनं शिरूरला. कॉम्प्युटरचा डबा मांडीवर, पिऊ डब्यावर. दुकानदार म्हनला, "ताई, आत तीन डिस्का हायत. बारकी नवी हाय, तिला एएचसीआय मोडच बरा, म्हंजी डिस्का सुट्या सुट्या चालत्यात." विंडोज परत टाकलं. चालू झालं! मग म्हनतो, "जुन्या दोन डिस्का रिकाम्या दिसत्यात. फॉरमॅट मारू?"
मी त्याचा हातच धरला. दुकानातली माणसं हसली.

८ ऑक्टो.
शेवटी ह्यांना सांगितलं.
"सेल काढला व्हता का?"
"व्हय."
"अगं येडे, सेल काढला की डिस्का जोडायचा मोड बदलतो. जुन्या दोन्ही मी रेड मोडवर जोडल्यात. अर्धा व्हिडिओ हिच्यात, अर्धा तिच्यात. एकेकटी रिकामीच दिसणार."
जीवात जीव आला. मग ह्यांनी विचारलं, "दुकानदारानं काय पुसलं न्हाई ना?" मी न्हाई म्हनले.
पिऊला बाहेर शूला नेलं तेवढा येळ मी दुकानात नव्हते. ते मी सांगितलं न्हाई.

११ ऑक्टो. शनि.
फोनवर ते सांगत गेले, मी बटनं दाबली. मोड तीन: आयडीई, एएचसीआय, रेड. रेड केलं. दोन्ही डिस्का दिसल्या. एकीपुढं मेंबर. दुसरीपुढं नॉन मेंबर. आठवीपातूरचं इंग्रजी, एकेक अक्षर वाचून दाखवलं.
ह्यांनी दोनदा परत वाचायला लावलं. म्हनले, नॉन मेंबर म्हंजी ती जोडीतनं सुटलीय.
"आता कायबी दाबू नको. दिवाळीला येतो, बघू."
दिवाळी १४ च्या आधी हाय का.

१२ ऑक्टो.
सासूबाई: "तोंडानं सांग की डॉक्टरला. आई हायस ना?"
कसं सांगू. आकडी आली की मला कायच दिसत न्हाई. कुठला हात आधी, डोळे कुणीकडं, किती येळ. रडण्यात जातं सगळं. म्हणून तर व्हिडिओ.
डॉक्टरीणबाई विचारतील आन् मी नुसती

१३ ऑक्टो. सोम.
सकाळपासनं पिऊच्या मागं मागं, फोन हातात. मनात आलं, उद्याच्या आत एक तरी आकडी यावी. असं मनात आलं माझ्या. लिहून ठेवते, कुणाला सांगायची सोय न्हाई.
दुपारी भात खाताना डावा हात ताठ झाला. मी आधी फोन धरला. तिला मागनं.
व्हिडिओत दीड मिनिट आलंय. आता निजलीय.
एकच हाय. एकावर काय ठरवत्यात, बघू उद्या.