स्टँडवरचा नंबर

३ सप्टें.
अ‍ॅप सुरू होऊन महिना झाला. पीथमपूरची नोकरी सोडून वर्षभर खपलो. वाटलं होतं, देवासात बॅटरी रिक्षा फोनवर बोलावता आली की लोक दुवा देतील. आज सहा बुकिंग, चार रद्द. डोकं चालत नाही.

५ सप्टें.
रोग सापडला. अ‍ॅप हाक मारतं सगळ्यात जवळच्या रिक्षाला. पण स्टँडवर नंबर चालतो, आधी लागला तो आधी निघणार. राधेश्याम भिया तिथले सगळ्यात जुने ड्रायव्हर. म्हणाले, "भिया, नंबर तोड़ूँगा तो कल म्हारे साथ चाय कौन पीएगा?" मी रेटिंग, बक्षीस वगैरे समजावलं. पावसात गाय उभी राहते तसे ऐकत राहिले.

८ सप्टें.
पीथमपूरच्या जुन्या साहेबांचा फोन. जागा आहे, शनिवारपर्यंत कळव. बायकोनं, मंजिरीनं, माझा कारखान्याचा डबा माळ्यावरून काढून घासून ठेवला. राग आला. मग तोही टिकेना, इतका दमलोय.

९ सप्टें.
आईच्या मैत्रिणीचा, शिंदेमावशींचा फोन. गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायला माझ्या अ‍ॅपवर रिक्षा बोलावली होती. "बाळा, गाडी गॅलरीतून दिसत होती रे. समोर स्टँडवरच उभी. मी हात केला, त्यानंही केला." त्याचा नंबर तिसरा होता. पाऊण तास दोघं एकमेकांकडे बघत. डॉक्टर निघून गेले.
लाज वाटली. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

११ सप्टें.
दोन दिवस बसून बदललं. आता बुकिंग रिक्षाला नाही, स्टँडला जातं. ज्याचा नंबर तो निघेल. वर्षभर जे हुशार केलं ते मोडून टाकलं. वाईट वाटलंच. पाठ धरलीय.

१२ सप्टें.
स्टँडवरच्या चहाच्या टपरीच्या खिडकीत एक फोन ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. पहिलं बुकिंग मुद्दाम मावशींचं. चार मिनिटांत रिक्षा दारात. दिवसभरात अकरा, रद्द एकही नाही.
पण एकच स्टँड, एकच दिवस. स्टेशनकडचे ड्रायव्हर म्हणे, पहले देखेंगे.

१३ सप्टें., शनिवार
सकाळी मंजिरीनं डबा भरून दिला. कुठं निघालात, विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
स्टँडवर गेलो. दुपारी बाकावर डबा उघडला, तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. राधेश्याम भिया म्हणाले, "उठा लो, जरूरी होगा." म्हटलं, जेवून करतो. त्यांना अर्धी पोळी दिली. त्यांचा नंबर लागला, पोळी हातात घेऊनच निघाले.
घरी येऊन डबा धुतला. माळ्यावर ठेवायला हात वर केला, मग ओट्यावरच ठेवला. उद्या कुठंही गेलो तरी लागणारच. साहेबांना फोन अजून केलेला नाही.