रविवारी डोहात उतरायचं आहे

मिरज,
१३ मे १९९६

प्रिय सुमंत,

सुट्टीला मामाकडे सांगलीला आलेला तुझा सौमित्र मजेत आहे. घाटाखालच्या नदीबागेतल्या आमच्या शिबिराला रोज सकाळी सहाला हजर असतो. चिखलातलं पाऊल बगळ्याचं की टिटवीचं, ते बघताक्षणी सांगतो. करवंटी पाण्यात सोडून धारेचा वेगही मोजतो. पोहायला मी शिकवतो. तंबोऱ्याला न चालणारे वेडेवाकडे भोपळे आमच्या वाद्यांच्या दुकानातून आणतो आणि पोरांच्या पाठीला बांधतो. तुझ्या पोराचा भोपळा आठव्या दिवशीच सोडला. पोरगं गुणी आहे, त्याच्यावर माझा राग नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सगळा रागच आहे.

गेल्या गुरुवारी मुलांनी घरी ऐकलेल्या नदीच्या गोष्टी सांगायच्या होत्या. सौमित्र उभा राहिला आणि ऐटीत म्हणाला, माझ्या बाबांनी लहानपणी पुरात उडी मारून जाफरकाकांना वाचवलं, काका नुसते रडत होते. चाळीस पोरं खो खो हसली. मी तेव्हा कमरेइतक्या पाण्यात उभा! माझी सुमैरा तेवढी हसली नाही. घरी जाताना तिनं एवढंच विचारलं, अब्बा, तुम्ही खरंच रडला होता? तेव्हापासून ती पाण्यात उतरत नाही, काठावर बसून राहते.

सुमंत, लाज कशी वाटली नाही रे? बारा-तेरा वर्षांचे होतो आपण. बुडत होतास तू, आणि ओढून काढलं मी. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोललास? गड्या, घरी सांगू नकोस, आबा चामडी लोळवतील. मग मीच बुडत होतो असं सांगायचं मीच सुचवलं, गाढव मी! तुला शाळेत शाल-नारळ मिळाला आणि मला नदीवर गेलो म्हणून अब्बांच्या हातचा मार. आबांचा राग निवळेपर्यंत चालवायची थाप तू अठ्ठावीस वर्षं पोसलीस. मी चकार शब्द काढला नाही, दोस्तीत चालतं म्हटलं. पण माझ्या पोरीनं माझ्याकडे बघताना नजर चुकवावी, हे चालणार नाही.

म्हणून हे पत्र. रविवारी शिबिर संपतं. त्या दिवशी प्रत्येक मुलानं आपल्या आईला नाहीतर बापाला सोबत घेऊन डोह पार करायचा, अशी आमच्याकडची रीत. यादी मी करतो. पहिलं नाव सौमित्रचं, शेजारी तुझं. बाबा सगळ्यांच्या पुढं जाणार, असं तो जो भेटेल त्याला सांगत सुटलाय. तुला आजही पोहता येत नाही, हे वहिनींना तरी ठाऊक आहे का? साताऱ्याहून पहाटेची एसटी आहे, ताप आल्याचा निरोप पाठवू नकोस. शनिवारपर्यंत पोराला खरं सांगितलंस, तर नाव खोडीन. नाहीतर उतर पाण्यात. भिऊ नकोस, बुडू देणार नाही. मानगुटीला धरून काढीन तुला, फक्त या खेपेला तुझा मुलगा आणि माझी मुलगी काठावरून बघत असतील.

अजून तरी तुझाच,
जाफर