ता. म्हणजे तारीख, असं मीच म्हणालो

नागपूर,
दिनांक ११ डिसेंबर १९८९
(‘दिनांक’ वाचून दचकू नका. ‘ता.’ लिहायची आता छाती होत नाही. कारण खाली येतंच आहे.)

तीर्थरूप मधुसूदनदादांच्या चरणी अनंताचा साष्टांग नमस्कार. (तुमच्या घरचा जावई असून चरणांपर्यंत वाकलो, यावरून काम केवढं असेल ते ओळखा. पण कामाचं नंतर.) पुण्याच्या थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी सांधेदुखीसाठी पाठवलेलं तेल तुमच्या बहिणीनं, चारुशीलेनं, चुकून फोडणीला घातलं. कोणाला काही झालं नाही, उलट माझी पाठ दुखायची थांबली. तुमची भाची उत्तरा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अभ्यास करते, असं तिचं म्हणणं आहे. एकूण इकडे सर्व क्षेम, फक्त माझी सिरोंच्याला बदली झाली आहे.

सिरोंचा तुम्हाला नकाशात सापडेल, पण नकाशा पार खालपर्यंत उलगडावा लागेल. तिथे संत्र्याचं एक झाड नाही, तरी आमच्या संत्रा संघाची तिथे शाखा आहे. बदली करायला एक जागा हाताशी असावी म्हणून ती उघडली. या वयात बायकोमुलीला सोडून तिथे एकट्यानं भाकऱ्या थापायच्या, या विचारानं माझी झोप उडाली आहे. आणि हे सगळं घडलं दीड अक्षराच्या एका शब्दामुळे.

सीताबर्डीवरच्या आमच्या कचेरीत चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात दोन गोष्टी असत: संघाची सगळी पत्रं आणि आमच्या साहेबांची रोजनिशी, म्हणजे कोणत्या दिवशी कुठे जायचं आणि कोणाला भेटायचं. यंदा त्याचं नवं व्हर्जन आलं. (पुढे म्हणे फोनच्या तारेवरून पत्रं जाणार. आमच्या फोनमधून अजून आवाज जात नाही, पण पत्र अंगानं बारीक असल्यामुळे जाईलही.) साहेबांनी मला, म्हणजे हेडक्लार्कला, बोलावून बजावलं, की जुनी पत्रं आणि रोजनिशी नव्या मशीनमध्ये नीट गेली पाहिजेत, ती गेली नाहीत तर तुम्ही जाल. मग सगळा मजकूर फ्लॉपीच्या चकत्यांवर उतरवून घेतला आणि जुनं मशीन इतवारीतल्या एका भंगारवाल्याला विकून टाकलं. तो आता त्यावर तराजू ठेवतो.

नवं व्हर्जन बसवायला पुण्याहून एक इंजिनियर आला. हुशार, नम्र, आणि शिकलेला सगळा इंग्रजीत. त्यानं विचारलं, तुमच्या पत्रांतली तारीख मशीननं ओळखायची कशी? मी म्हणालो, त्यात काय, आधी ‘ता.’ असतं. त्यानं मशीनला तसं शिकवलं. ‘ता.’ दिसलं की त्याच्या पुढचा मजकूर उचलायचा आणि साहेबांच्या रोजनिशीत टाकायचा. आकडा सापडला नाही तर रिकामा दिवस बघून तिथे बसवायचा. साहेबांचे रिकामे दिवस भरपूर. आता, आपल्या पूर्वजांनी शाई वाचवण्यासाठी तारीख, तालुका आणि ताजा कलम या तिघांत मिळून एकच ‘ता.’ ठेवला आहे, हे मला ऐन वेळी आठवायला हवं होतं. नाही आठवलं. इंजिनियर संत्राबर्फी घेऊन पुण्याला गेला.

आमचे निम्मे सभासद ‘ता. काटोल’चे. झालं! रोज सकाळी मशीन साहेबांचा कार्यक्रम छापी आणि शिपाई कवडू तो बाहेरच्या फळ्यावर लावी. सोमवारी काटोल. मंगळवारी काटोल. बुधवारी, बदल म्हणून, पुन्हा काटोल. साहेबांना वाटलं, अध्यक्षांनी ठरवलंय. अध्यक्षांना वाटलं, साहेब कामाला लागले. विचारणार कोण? आपला कार्यक्रम आपल्यालाच ठाऊक नाही, असं कोणता साहेब कबूल करतो? पहिल्या दिवशी काटोलच्या बाजारात त्यांना हार घातला, दुसऱ्या दिवशी नुसता चहा दिला, आणि तिसऱ्या दिवशी धोंडबा नावाच्या बागायतदारानं कवडूला बाजूला नेऊन विचारलं, ‘काहून गा, साहेब रोजच येऊन राहिले? घरी भांडण-गिंडण झालं का?’ पण त्या धास्तीनं ट्रक वेळेवर भरू लागले, वजनकाटा सरळ झाला, आणि अध्यक्ष आनंदरावांनी भर सभेत कॉम्प्युटरचं कौतुक केलं. मी मान खाली घालून ते स्वीकारलं.

गावं संपली आणि ताजे कलम सुरू झाले. दादा, आपल्याकडे पत्र असतं फाइलसाठी आणि खरं काम असतं ता. क.मध्ये, हे मी तुम्हाला काय सांगावं? (तुम्ही आधी शेवटचं पान बघितलं असेल तर कृपा करून इथे परत या.) जुन्या व्हर्जनमध्ये हे सगळे ता. क. पत्रांच्या पोटात गुपचूप पडून होते. आता फळ्यावर कागद लागला: ‘आज सकाळी: पेट्या पोचल्या, फळ गोड निघाले, पुतण्याचे काम झाले समजावे. दुपारी: वरील मजकूर फक्त दाखवण्यापुरता आहे.’ अख्खी कचेरी वेळेवर येऊ लागली. समोरचा चहावालाही फळा वाचल्याशिवाय स्टोव्ह पेटवीना.

मग एक दिवस लागलं: ‘आज: प्रमोदिनीबाईंची शिफारस त्यांच्या आग्रहास्तव केली आहे, मनावर घेऊ नये.’ प्रमोदिनीबाई म्हणजे आमच्या टायपिस्ट. त्यांच्या बढतीचं पत्र त्यांनी स्वतःच टाइप केलं होतं, आणि ही ओळ साहेबांनी मागाहून एका बोटानं जोडली होती. बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मी इतके दिवस त्या पोस्टमनले शिव्या देऊन राहिली होती, अन् माझं प्रमोशन तर याच खोलीत अडकून होतं!’ त्या दिवशी कोणी हसलं नाही. मलाही फार वाईट वाटलं.

साहेबांनी कागद फाडला. मशीननं दुसरा छापला. तेव्हा त्यांनी मला फाडून खाल्लं आणि तिथल्या तिथे, त्याच मशीनवर, माझ्या बदलीचा हुकूम काढला: ‘मु. पो. सिरोंचा, ता. सिरोंचा येथे तत्काळ रुजू व्हावे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर साहेबांचा कार्यक्रम होता: ‘सिरोंचा येथे तत्काळ रुजू व्हावे.’ तो साहेबांच्या आधी अध्यक्षांनी वाचला आणि त्यांना गहिवरून आलं. ‘सिरोंच्याले आजपर्यंत एक साहेब आपल्या मनानं गेला नाही, अन् तुम्ही रुजू होऊन राहिले! वा!’ असं म्हणून त्यांनी साहेबांच्या गळ्यात हार घातला आणि हातात नारळ ठेवला. (नारळ मिळणं म्हणजे काय, ते मी त्या क्षणी साहेबांच्या चेहऱ्यावर पाहिलं.) हार गळ्यात पडल्यावर माणूस काय बोलणार? वळकटी घेऊन बिचारे जीपमध्ये बसले.

त्याच संध्याकाळी प्रमोदिनीबाई अध्यक्षांना भेटून आल्या, आणि त्यांच्या बढतीचं नवं पत्र निघालं, ता. क.शिवाय. माझा हुकूम मात्र सहीसकट साहेबांच्या खणात आहे. काहीतरी निमित्त काढून साहेब शनिवारी परत येणार आणि आल्या आल्या मला सिरोंच्याला रवाना करणार, असं कवडूनं जीपच्या ड्रायव्हरकडून ऐकलं आहे.

असो. मला स्वतःसाठी काही मागायचं नाही, सहज हकिकत कळवली. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

तुमचा,
अनंत

ता. क. वरचं ‘काही मागायचं नाही’ हे वाक्य फक्त दाखवण्यापुरतं आहे. पुण्याला तुम्ही आमच्या संघाच्या वरच्या कचेरीत आहात, तिथून एक तार आली तर माझी बदली रद्द होते. शनिवारच्या आत करवा.

आणखी एक ता. क. कोणी कारण विचारलं तर मुलीचं शिक्षण सांगा. खरं कारण असं, की चारुशीलेशिवाय मला एक दिवस करमत नाही. हे तिला अजिबात कळवू नये, डोक्यावर बसेल.

ती. दादाला चारूचा नमस्कार. पाकिटाला डिंक लावायला यांनी पत्र माझ्याच हातात दिलं. तार आजच कर रे. करमणार तर मलाही नाही, पण ते राहू दे. हे तिकडे गेले तर असलं पत्र रोज मला येईल.