नव्या झाकणाची बरणी

प्रिय छबू,

पत्र बघून घरी काय झालं, असं तुझ्या मनात आलं असेल. घाबरू नकोस, तुझे बाबा ठणठणीत आहेत आणि मी तर आहेच. फोनवर तू दोन वाक्यांत पळ काढतेस, म्हणून लिहायला बसले.

हॉस्पिटलच्या कोठीत अर्धा जन्म घालवलेली बाई मी. चोर सापडेपर्यंत प्रत्येक जण चोर, हा माझा खाक्या. मागच्या सुट्टीत तू इथे होतीस आणि बिस्किटांचा डबा हलका लागला, तेव्हा पहिला संशय अर्थातच बाबांवर. त्यांच्या साखरेचं तुला माहीतच आहे. मी त्यांचे खिसे तपासले, चपलांच्या कपाटात हात घालून पाहिला, जेवताना त्यांच्या मिशीवर नजर ठेवली. बिचारे शपथा घेऊन थकले. चोराच्या उलट्या बोंबा, असं मी त्यांना ऐकवलंसुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा भरलेला! खाणारे चोर मी पुष्कळ पाहिलेत, पण खाल्लेलं परत आणून ठेवणारा चोर? मग मात्र मला चैन पडेना.

शेवटी जॅमच्या बरणीने घात केला. बरणीच्या कागदावर मी पेन्सिलीने रेघ मारते, किती उरलंय त्याची. रेघ जागच्या जागी होती, जॅमही बरोबर रेघेपर्यंत. पण झाकण कोरं करकरीत. आपल्या बरणीच्या झाकणाला पोचा होता, तूच ती ओट्यावरून पाडली होतीस. म्हणजे कुणीतरी नवी बरणी आणली, तेवढी रिकामी केली आणि हुबेहूब माझ्यासारखी रेघ ओढली. बाबांना एवढ्या संसारात ती रेघ कधी दिसलेली नाही. ती माहीत असलेलं माणूस घरात एकच.

मग तुझ्यावर पाळत ठेवली. हो, ठेवली. सकाळी नुसता कोरा चहा, दुपारी भूक नाही म्हणून ताट बाजूला. एका दुपारी मी बाजारातून लवकर परतले, तर तू कपाटाच्या दाराआड उभी. पाव, शेंगदाणे, बिस्किटं, हाताला लागेल ते, घाईघाईने, भिंतीकडे बघत. आवडीने खाणारी माझी पोर मला ठाऊक आहे, ती ही नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हता. मी चपला हातात घेऊन मागे फिरले आणि जिन्यात बसून रडले. थोड्या वेळाने मुद्दाम किल्ल्या वाजवत आले.

नंतर आमच्या हॉस्पिटलातल्या मनाच्या डॉक्टरबाईंना गाठलं. एका ओळखीच्या मुलीचं म्हणून सांगितलं, पण त्या माझ्याहून पक्क्या. त्या म्हणाल्या, हा हावरटपणा नाही, आजार आहे आणि बरा होतो. दिवसभर उपाशी राहायचं, मग बांध फुटायचा, मग लाजेपोटी पुन्हा उपाशी, असा तो फेरा. वेळच्या वेळी पोटभर जेवायचं, मनातलं जाणकाराशी बोलायचं, आणि घरच्यांनी कुलपं नि टोमणे बंद करायचे. टोमण्यांशिवाय मी जगू कशी, असं मी विचारलं. त्या हसल्या नाहीत.

परवा तुझा निरोप आला, यंदा सुट्टीत जमणार नाही, कामं आहेत. माझा काडीचा विश्वास नाही. तुला माझ्या कपाटाची भीती वाटतेय, छबू, म्हणून हे पत्र. काल मी एकेका बरणीवरची रेघ खोडून टाकली. बाबा विचारत होते, कसल्या रेघा? तू ये. तिघं मिळून वेळेवर जेवू. डॉक्टरबाईंकडे जायचं का, ते तू ठरव, मी बाहेर बाकावर बसेन. मध्येच एखाद्या दिवशी बांध फुटला तर फुटू दे, मला हाक मार. नाही मारलीस तरी चालेल. फक्त नवं आणून भरून ठेवू नकोस. आईच्या घरातलं खाल्लं, तर त्याला चोरी म्हणत नाहीत.

तुझीच,
आई