घड्याळातला आकडा चढेना

जाफराबाद. मंगळवार, दिवेलागण.

पोरानं दिलेल्या मनगटी घड्याळात, कितीही चाला, हृदयाचे ठोके नव्वदच्या वर जातच न्हाईत. मला वाटायचं, आपणच आळशी झालो. म्हणून परवा एकटाच इतक्या जोरात चाललो की चक्कर येऊन पुलाच्या कठड्यावर बसावं लागलं. तेव्हाही आकडा तोच! मंग वाटलं, रोजची हृदयाची गोळीच आडवी येत असंल; ठरवलं, ती दोन दिवस बंद करून बघू.

बरं झालं, आज आधी डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "सर, ठोके आवरून धरणं हेच त्या गोळीचं काम. घड्याळ बघू नका, दम बघा. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये, एवढाच वेग ठेवा. आणि गोळी मनानं बिलकुल बंद करू नका. एकदम सोडली तर हृदयाला धोका असतो."

संध्याकाळी रोजच्यासारखं दोघं फिरायला निघालो तेव्हा हिला हे सांगितलं. म्हणाली, "मंग म्हणा की, जयंतीला म्हणता ते गाणं."

चालता चालता भीमगीत धरलं. दुसऱ्याच ओळीत दम तुटला. आकडा? तोच. ही हसली, "बराबर चालून राह्यले तुम्ही." आणि राहिलेलं कडवं माझ्या बाजूला चालत आरामात पुरं म्हटलं.

आत्ता लिहिताना लक्षात येतंय. हिला गाता येत होतं. म्हणजे इतके दिवस ही माझ्यासाठीच सावकाश चालत होती, आणि मी आपला मनगटाकडं बघत होतो.