चार बोटं

३ जानेवारी १९३८

हरलो. एका गड्याने. माझ्यामुळे, असं सगळं नाशिक म्हणतंय, आणि नाशिकला आज दुसरं काम नाही.

नगरच्या मुलींची शेवटची पळणारी उरली होती. वेळ संपत आलेली. मी तिच्या मागे. ती खांबाकडून वळली आणि माझ्या पुढ्यातच इंदू बसलेली, पाठ माझ्याकडे. मी मोठ्याने खो म्हटलं. इंदू उठली आणि तिने त्या पोरीला मारलंच! लोक उभे राहिले, टोप्या उडाल्या. मग पंचांची शिट्टी. माझा हात इंदूच्या पाठीला लागलाच नव्हता. चार बोटं अलीकडे थांबला होता. खो खोटा, गडी जिवंत, वेळ संपली.

का थांबला ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. सामना सुरू व्हायच्या आधी इंदू कानाशी आली. "सुमे, मी बाहेरची झालेय गं. बाईंना सांगू नकोस, बसवतील. नऊच तर आहोत आपण." मी म्हटलं, खेळ, कुणाला कळतंय. मीच म्हटलं! आणि सगळा डाव मी तिला टाळत राहिले, अलीकडच्या मुलीला नाहीतर पलीकडच्या मुलीला खो देत. शेवटी टाळता आलं नाही आणि हात आपला आपण थांबला.

तिने बाकीच्यांना खो दिलेच होते. त्यांना मी शिवलेच होते. म्हणजे विटाळ व्हायचा तो केव्हाच झाला होता! एवढी साधी गोष्ट माझ्या हाताला कळू नये. आज दिवसभर तो उजवा हात तोडून टाकावासा वाटतोय.

६ जाने.

सकाळी आईने मेथी आणायला पाठवलं. बाजारात एकाने सुटे पैसे माझ्या हातावर ठेवायच्या ऐवजी चार बोटं वर धरले आणि ओरडला, "खो!" आजूबाजूचे सगळे बाप्ये खो खो हसले. पैसे न घेताच आले. आई रागावली ती वेगळीच.

दादाचं आठवतंय. गेल्या महिन्यात पुरुषांच्या सामन्यात माझा हा सख्खा भाऊ खो मिळायच्या आधीच उठून पळाला. तोही सामना त्यानेच घालवला. त्या संध्याकाळी मैदानावर त्याला काय काय शिव्या घातल्या. एकाने तर चप्पल भिरकावली. चार दिवसांनी तेच लोक त्याला हॉटेलात चहा पाजत होते. "मैदान ओलं होतं रे वासू, पाय सरकला तुझा." "पंच पुण्याचा होता, तो काय आपला?" त्याच्यासाठी सगळ्यांनी मिळून कारणं शोधली. माझ्यासाठी कुणी ओल्या मैदानाचं नावसुद्धा काढत नाही. मी चुकले कारण मी मुलगी. झालं, संपलं.

मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. रागावलेला माणूस कधीतरी थकतो. हे हसतात, आणि हसण्याला काही शेवटच दिसत नाही.

९ जाने.

दादाचा दोस्त बापू आला होता. सगळ्यात जास्त नक्कल हाच करतो म्हणे, तालमीच्या ओट्यावर बसून, हात हवेत धरून, डोळे फिरवून. आई म्हणाली चहा टाक. टाकला. बापूच्या कपात साखरेऐवजी मीठ. त्याने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि सगळा चहा गुपचूप प्यायला. आईसमोर बोलणार काय? फार बरं वाटलं. थोडा वेळच.

मग मी दारात उभी राहून म्हटलं, "दादा, तुझ्या सामन्याला मैदान ओलं नव्हतं. मी होते तिथे. धूळ उडत होती."

दादाचं तोंड एवढंसं झालं. बापू हसून म्हणाला, "मुलींना तोंडाने खेळायला लावा, पहिला नंबर!" आणि दादाही हसला. भाऊ आहे माझा. लक्षात ठेवीन.

११ जाने.

बायकांचं निराळं. त्या एकदाही हसल्या नाहीत. मला आधी वाटलं माया आहे.

गंगेवरची भाजीवाली मळेकरीण, सामना बघायला आली होती म्हणे भारा बाजूला ठेवून. मला बघितल्यावर जवळ बोलावून म्हणाली, "लय चांगली पळत व्हती तू, ताई. पर हात कशापायी थांबवला? लागत व्हता की." मी म्हटलं, चुकले. "नाय नाय," ती म्हणाली, "चुकलेला हात असा नसतो. तो थांबवलेला हात हाय." मी कोथिंबीर न घेता निघाले.

मागच्या गल्लीतल्या दोघीतिघींनी तेच विचारलं. हात का थांबला गं? बाप्यांना निकाल दिसला, बायकांना हात दिसला. सामन्याच्या गर्दीत सतरंजीवर एका बाजूला बसवलेल्या ह्या बायका, त्यांना खेळाचे नियमसुद्धा नीट ठाऊक नाहीत, पण कोण कुणाला का शिवत नाही हे त्यांना झोपेतही कळतं.

सगळ्यात वाईट काकू. व्यायामशाळेच्या अध्यक्षांच्या बायको, मुलींचा खेळ चालू राहायचा की नाही हे त्यांच्याच माजघरात ठरतं. देवळात भेटल्या. माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "इंदूशी काही बिनसलंय का तुझं?" गोड आवाज. मी नाही म्हटलं. "मग शिवायचं नव्हतं का तिला?" मी प्रदक्षिणेचं निमित्त करून सटकले.

एक शब्द बोलले तर मी सुटते. आणि इंदू मरते. तिचं लग्न ठरलंय इगतपुरीला, मुलगा रेल्वेत आहे, सासू फार सोवळ्याची. मारुतीच्या तसबिरीपुढे नारळ फोडून सुरू केलेला सामना, त्यात ही तशी खेळली हे कळलं तर ते लोक उंबरा चढायचे नाहीत. म्हणून गप्प. मैत्रीण आहे माझी, मराठी दुसरीपासून.

१४ जाने. संक्रांत

मैत्रीण!

बाईंनी आज सगळ्यांना बोलावलं. मला म्हणाल्या, तू थोडे दिवस बाहेर बस. आणि मुख्य गडी आता इंदू. ठीक. पण का, तर इंदूनेच बाईंना सांगितलं की सुमती ऐन वेळी घाबरते, सरावातही दोनदा असं झालं होतं. कधी झालं होतं? बाईंच्या समोर मी इंदूकडे बघितलं. तिने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि "गोड बोल" म्हणाली. तिच्या बोटांनी माझा तळहात नीट, पूर्ण दाबला. मी तो तिळगूळ गंगेत टाकला.

नाही. आता नाही गप्प बसणार. १८ला काकूंकडे हळदीकुंकू आहे, इंदूची होणारी सासू मुद्दाम इगतपुरीहून येणार आहे. तिथेच बोलीन. सगळ्यांसमोर. तिने मला बाईंपुढे घाबरट केलं, मी तिला तिच्या सासूपुढे काय करायचं ते करीन.

१७ जाने.

आरशापुढे म्हणून पाहिलं. "इंदू त्या दिवशी बाहेरची होती." पाच शब्द. फार सोपं आहे.

आईला ताप. ती उद्या येणार नाही. बरंच झालं.

१८ जाने.

आज झालं ते लिहून टाकते.

काकूंचं माजघर भरलेलं. इंदू जरीच्या परकरात, शेजारी तिची सासू. मोठं कुंकू, बारीक डोळे, मुलगी बघावी तशी अजून बघतेय. मी आले तशी कुजबूज थांबली. काकूंनी कुंकू लावलं, अत्तर लावलं आणि हात हातात तसाच धरून मोठ्याने म्हणाल्या, "आज सांगूनच टाक बाई. तू इंदूला शिवली का नाहीस? तशीच काही अडचण होती का तिची?"

म्हणजे त्यांना कळलंच होतं. फक्त माझ्या तोंडून हवं होतं.

मी इंदूकडे पाहिलं. तिच्या तोंडावर रक्त नव्हतं. खरं सांगते, दया आली नाही. पण मग काकूंकडे पाहिलं. त्यांची जीभ ओठांवरून फिरत होती, पुढ्यात बासुंदी आल्यासारखी. ह्यांनाच मेजवानी का द्यायची मी? त्या दिवशी मैदानावर हसणाऱ्यांत ह्यांचे यजमान पहिल्या खुर्चीवर होते.

मी म्हटलं, "इंदू नाही, काकू. मीच होते बाहेरची."

मग मी आणखी म्हटलं. "सामन्याच्या सकाळी नगरच्या मुलींची पंगत तुमच्याकडेच होती ना? पाणी मी भरलं. वाढलं मी. तुमच्या देवघरातला तांब्यासुद्धा मीच घासला."

काकूंनी माझा हात असा सोडला, भाजल्यासारखा. कुंकवाची कोयरी कलंडली. इगतपुरीच्या बाई पदर सावरून उठल्या आणि इंदूला जवळ ओढून घेतलं, माझा वारा लागू नये म्हणून. इंदूला! मला हसू आवरेना. हसतच बाहेर पडले.

पंगत खरी, तांब्या खरा, मी बाहेरची होते एवढंच खोटं. पण काकूंच्या घरात आज रात्रीपर्यंत गोमूत्र शिंपडणं चालेल. आणि इंदूला जन्मभर ठाऊक राहील की तिचं लग्न, तिचं कुंकू, सगळं माझ्या जिभेवर उभं आहे. तिला वाचवलं म्हणून नव्हे. बांधून ठेवलं म्हणून बरं वाटतंय.

२१ जाने.

गंमत म्हणजे बाप्यांची नक्कल एकदम बंद. बायकांनी घरोघरी सांगितलं असणार. आता तो विषयच तोंडाने काढता येत नाही त्यांना. बापू रस्त्यात दिसला, खाली मान घालून पलीकडच्या कडेने गेला. इतके दिवस मी मूर्ख होते, तेव्हा हसत होते. आता नुसतं बघतसुद्धा नाहीत. दादा जेवायला माझ्या पानाशेजारी बसत नाही. विचारलं तर म्हणाला, "आपल्याला काय, आई बघेल." हॉटेलात म्हणे आता एवढंच चाललंय की मुलींचे खेळ मुळातच बंद करा.

इंदू आली नाही. येईल.

२३ जाने.

नाही आली. सरावाला जाताना दिसली, आमच्याच दारावरून. शिट्टी गळ्यात. मी पायरीवर बसले होते. तिने मान वळवली नाही. पलीकडच्या पोरीला म्हणाली, "भरभर चल गं." बस, एवढंच.

मी काय धरून बसले होते? की ती रडत येईल, पाया पडेल? तिला कुणाचं देणं वाटतच नाहीये. ती विसरली! बाप्यांसारखी विसरली.

२५ जाने.

दुपार. आईचा ताप उतरलाय, तरी इतके दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती. आज एका घरून निरोप आला, उद्या सवाष्ण म्हणून येऊ नका, दुसरीला सांगितलंय. सात-आठ वर्षं तिला दर वेळी बोलावणारं घर. आईने निरोप ऐकला, चुलीवरचं उतरवून ठेवलं आणि माझ्यापुढे येऊन बसली.

"तू त्या दिवशी बाहेरची नव्हतीस."

मी उतरवलेल्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"माझ्या घरात कोण कधी बाजूला बसतं ते मला कळत नाही का? कुणासाठी खोटं बोललीस ते मी विचारत नाही. पण माझ्या घराच्या सोवळ्याला नावं ठेवलेली मी ऐकून घेणार नाही. काकूंना सांगून येते."

"आई, नको."

"का नको?"

काय सांगणार? मी नव्हते म्हटल्यावर कोण होती हे काकूंना विचारावंसुद्धा लागणार नाही. आज संध्याकाळच्या गाडीने इगतपुरीला निरोप जाईल. इंदूचं सगळं संपेल आणि मी त्यात एक अक्षरही बोललेली नसेन. मला जे हवं होतं ते आई स्वतःच्या पायांनी चालत जाऊन आणून देतेय. माझ्या अंगावर शिंतोडासुद्धा नाही.

"का नको?" आईने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." ती शाल पांघरून गेली.

तिचे गुडघे दुखतात, सावकाश चालते. मी धावले तर सराफ बाजार यायच्या आत गाठीन. इंदू दारावरून गेली तेव्हाची तिची मान डोळ्यांसमोरून हलत नाही. आणि मैदानात कानाशी येऊन बोलली तेव्हाचा आवाजही हलत नाही.

अजून गाठता येईल. हे वाक्य संपलं की उठायचं असं ठरवलं होतं. संपलं, आणि मी दुसरं लिहितेय.